'थांबव' म्हणजे नेमके काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही आज मी एआय एजंटसाठी लिहावयाच्या सूचनांविषयी बोलणार आहे, आणि तेही गाणी व ध्वनिफिती वाजविणाऱ्या, थांबविणाऱ्या एका लहानशा साधनाच्या निमित्ताने. संगीताचे नाव निघाले की काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. त्यांना मी अदबीने सांगतो की, घरात काय वाजवावे आणि काय वाजवू नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मला बोलावयाचे आहे ते बटणांविषयी, आणि त्या बटणांचे वर्णन करणाऱ्या शब्दांविषयी.

माझा एक माजी विद्यार्थी सध्या संगणकाची पदविका करीत आहे. त्याच्या नानांची दृष्टी काचबिंदूने गेली. नाना तरुणपणी कुवेतला नोकरीस होते. त्या काळी पत्रांबरोबर कॅसेटही येत-जात असत. घरची माणसे कॅसेटवर बोलून पाठवीत आणि तिकडचा माणूस रात्री खोलीवर ती ऐकत बसे. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांत अशा कॅसेट अजून ट्रंकेत असतील. या मुलाने नानांच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. त्यांत नानीचा आवाज आहे, आणि नानी आज हयात नाही. त्याच संगणकावर त्याने नानांच्या आवडीच्या कव्वाल्या आणि तिलावतही ठेवली, आणि नानांनी नुसते तोंडाने सांगावे व संगणकाने वाजवावे अशी व्यवस्था केली. कुणाला हाक मारायला नको, कुणाची वाट पाहायला नको. हेतू किती चांगला!

परंतु आठ दिवसांतच नाना म्हणाले, "बेटा, हे तुझे यंत्र माझे ऐकत नाही. राहू दे." झाले होते असे. एका पहाटे नाना म्हणाले, "आवाज जरा वाढव." आणि यंत्राने आवाज एकदम टिपेला नेला. घर जागे झाले, शेजार जागा झाला. दुसऱ्या दिवशी नानीची कॅसेट ऐकताना कोणी भेटायला आले, म्हणून नाना म्हणाले, "थांबव." पाहुणा गेल्यावर म्हणाले, "लाव." तर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. डोळस माणूस पडद्यावर बोट ठेवून हवी ती जागा काढील. नानांनी काय करावे?

मुलगा माझ्याकडे आला तो चिडूनच. म्हणाला, "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे. एआयच मूर्ख आहे." मी म्हटले, "तू त्याला काय लिहून दिले आहेस ते तर दाखव." त्याने दाखविले. आवाजाच्या साधनापुढे लिहिले होते : 'आवाज बदलतो. संख्या द्या.' थांबविण्यापुढे लिहिले होते : 'गाणे थांबवतो.' एवढेच! मी त्याला म्हणालो, "बाळा, दहावीच्या उत्तरपत्रिकेत असे उत्तर लिहिले असतेस, तर मी तुला अर्धा गुण दिला असता."

आता एजंट म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगतो. भाषा समजून भाषेत उत्तर देणारा जो संगणकीय नमुना असतो, त्याला स्वतःचे हात नसतात. तो फक्त शब्द निर्माण करतो. त्याला कामे करता यावीत म्हणून साधने जोडावी लागतात, इंग्रजीत ज्यांना टूल म्हणतात. अशी साधने जोडण्याची एक सर्वांसाठी खुली पद्धत 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीने प्रसिद्ध केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. या पद्धतीत प्रत्येक साधनाविषयी मुख्यतः तीन गोष्टी लिहून द्यावयाच्या असतात : साधनाचे नाव, साधनाचे वर्णन, आणि साधनाला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी याचा तक्ता. हा मजकूर वाचून एजंट ठरवितो की कोणते साधन वापरावे आणि त्यात कोणता आकडा घालावा. मग संगणक ते काम करतो आणि काय झाले ते पुन्हा शब्दांतच एजंटला कळवितो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. साधनाच्या आतला प्रोग्रॅम एजंटला दिसत नाही. खोलीत वाजणारा आवाज त्याला ऐकू येत नाही. लिहिणाऱ्याला दारात गाठून "यातून तुम्हांला काय म्हणायचे होते?" असे तो विचारू शकत नाही. त्याच्यासमोर असतात ते फक्त तुमचे शब्द. म्हणजे एका अर्थी तोही नानांसारखाच न पाहता दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणारा आहे. वर्णन अर्धवट असेल तर उरलेले तो अंदाजाने भरतो. आणि अंदाज चुकला की फटका बसतो तो पहाटे कॉटवर बसलेल्या नानांना.

आम्ही दोघे चार रविवार वही घेऊन बसलो. तो मला यंत्राची रीत सांगे आणि मी त्याला वाक्य विचारी. त्या वहीत जे धडे निघाले, ते मी आज आपणांपुढे ठेवतो.

पहिला धडा शब्दाच्या अर्थाचा. त्याचा संगणक लिनक्सवर चालतो. तेथे गाणी वाजविणारे निरनिराळे प्रोग्रॅम एकाच रीतीने हाताळता यावेत म्हणून एमपीआरआयएस नावाची ठरलेली पद्धत आहे, आणि तिचा उपयोग करून हुकूम देणारे प्लेअरसीटीएल नावाचे छोटे साधन आहे. त्या पद्धतीत 'पॉज' आणि 'स्टॉप' हे दोन वेगळे हुकूम आहेत. पॉज केले की जागा राखली जाते. पुन्हा लावले की तेथूनच सुरू. स्टॉप केल्यानंतर लावले की गाणे पहिल्यापासून. पण आपल्या मराठीत दोहोंना 'थांबव' म्हणतात! 'बंद कर' म्हटले तरी तेच. कोणी त्याचा अर्थ संगणकच बंद कर असाही घेईल. म्हणून आम्ही लिहिले : 'ऐकणारा थांबव, थांब, बंद कर, जरा गप्प असे काहीही म्हणाला, तर पॉज वापरावे. जागा राखली जाते. ऐकणे संपले असे त्याने स्पष्ट सांगितले, तरच स्टॉप वापरावे. त्याने जागा जाते.' या चार ओळींनी नानांची कॅसेट वाचली. 'पुढे' या शब्दाचेही असेच. 'पुढचे लाव' म्हणजे पुढची फीत. 'जरा पुढे ने' म्हणजे याच फितीत थोडे पुढे. हा भेद मराठी बोलणाऱ्या पोरालाही कळतो. म्हणून तो लिहावा लागतो हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

दुसरा धडा मापाचा. संख्या लिहिली आणि एकक लिहिले नाही, तर गणिताचे शिक्षक गुण कापतात. येथे तर काम फसते. प्लेअरसीटीएलला वेळ सेकंदांत द्यावयाची असते. तेच साधन ज्या एमपीआरआयएस पद्धतीवर उभे आहे, त्या पद्धतीत खाली वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. स्पॉटिफाय या सेवेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात द्यावी लागते. तीस सेकंद पुढे जायचे, तर एकीकडे 30, दुसरीकडे 30,000 आणि तिसरीकडे 3 कोटी! मायक्रोसेकंदांच्या जागी नुसते 30 लिहिले, तर फीत केसभरही हलल्याचे जाणवणार नाही, आणि एजंट मात्र भाबडेपणाने सांगेल, "पुढे नेले आहे."

तिसरा धडा 'ने' आणि 'वर' यांचा. हे मराठीच्या शिक्षकाचे खास क्षेत्र. 'आवाज दहाने वाढव' आणि 'आवाज दहावर ठेव' यांत फरक एका प्रत्ययाचा, पण परिणाम उलटा होऊ शकतो. प्लेअरसीटीएलला 30 लिहून अधिक चिन्ह जोडले, तर तीस सेकंद पुढे. चिन्ह गळले, तर फितीच्या तिसाव्या सेकंदावर. शिवाय तेथे आवाज शून्य ते एक असा मोजतात; एक म्हणजे पूर्ण आवाज. स्पॉटिफायला तो शून्य ते शंभर असा हवा. त्या पहाटे एजंटने शंभरांपैकी दहा अशा हिशेबाने 10 पाठविले. जेथे एक हाच पूर्ण आवाज, तेथे दहा म्हणजे काय ते शेजाऱ्यांनी अनुभवले! आता वर्णनात लिहिले आहे : 'आवाज 0 ते 100 या प्रमाणात द्यावा. जरा वाढव म्हटल्यास आधी सध्याचा आवाज विचारावा आणि त्यात 5 मिळवून पाठवावा. 70 च्या वर जाण्याआधी ऐकणाऱ्याला विचारावे.' शून्य ते शंभरचे शून्य ते एक करण्याचे काम प्रोग्रॅमने आत करावयाचे. आणि कागदावर लिहूनच न थांबता, मुलाने प्रोग्रॅममध्येही 70 ची मर्यादा घातली. ऐकणाऱ्याने होकार दिल्याची खूण एजंटने पाठविली नाही, तर ती ओलांडता येत नाही. कारण सूचना ही सूचना आहे, कुलूप नव्हे.

चौथा धडा एकाच हुकमाच्या दोनदा होण्याचा. एमपीआरआयएसमध्ये एक बटण असे आहे की वाजत असेल तर थांबविते आणि थांबलेले असेल तर वाजविते. माणसाच्या बोटाला ते सोयीचे, कारण माणूस ऐकत असतो. परंतु एजंटला उत्तर यायला उशीर झाला, तर तो तोच हुकूम पुन्हा देण्याचा संभव असतो. मग थांबलेले पुन्हा वाजू लागते. याउलट नुसता पॉज दहादा दिला तरी थांबलेले थांबलेलेच राहते. म्हणून आम्ही ते दुहेरी बटण काढून टाकले आणि 'वाजव' व 'थांबव' वेगळे ठेवले. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 2025 पासून अशी खूण करण्याची सोय आहे : हे साधन केवळ वाचते की काही बदलते, आणि तोच हुकूम पुन्हा दिला तर काही बिघडते की नाही.

पाचवा धडा उत्तराचा. काम झाल्यावर साधनाने नुसते 'झाले' म्हणू नये. काय वाजत आहे, कितव्या सेकंदाला आहे, आवाज किती आहे, हे कळवावे. म्हणजे एजंटला स्वतःची चूक दिसते. आणि काम झाले नाही, तर तेही नीट सांगावे. 'त्रुटी' एवढाच शब्द लिहून उपयोग नाही. 'एकही वादक प्रोग्रॅम चालू नाही. आधी यादी पाहावी आणि एक सुरू करावा' असे लिहावे. दोन वादक एकाच वेळी चालू असतील, आणि कोणता ते सांगितले नसेल, तर प्लेअरसीटीएल त्यांतला पहिला घेते. म्हणून वादकाचे नाव मागून घ्यावे. शेवटी, साधन काय करीत नाही तेही लिहावे. आमचे साधन गाणे शोधीत नाही आणि यादीत नवे घालीत नाही. हे लिहिले नसते, तर एजंट ते त्याच्याकडून करवून घेण्याचा प्रयत्न करीत राहिला असता.

सावधगिरीची एक गोष्ट येथेच सांगतो. परक्याने लिहिलेले साधन वर्णन न वाचता जोडू नये. एजंट वर्णनावर विश्वास ठेवतो, आणि त्या वर्णनात कोणी लबाडीने दुसराच हुकूम घुसडू शकतो. गाण्याचे नाव हेही फक्त नाव म्हणून घ्यावे, आज्ञा म्हणून नव्हे, असे आम्ही मुद्दाम लिहिले. अनोळखी माणसाने दिलेल्या कागदावर न वाचता सही करू नये, हे आपण मुलांना सांगतोच. हे त्यातलेच.

वही पुरी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावयाची होती. मी ती नववीच्या वर्गात नेली. मुलांना प्रोग्रॅम दाखविला नाही, फक्त वर्णने फळ्यावर लिहिली. मग मी नानांसारखे वाक्य बोले, आणि प्रत्येकाने कोणते साधन व कोणता आकडा ते कागदावर लिहावयाचे. "मघाचे पुन्हा लाव" म्हटल्यावर वर्गात दोन तट पडले. काहींनी मागची फीत लिहिली, काहींनी हीच फीत पहिल्यापासून. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या. मी सांगितले, "तुमच्यांत कोणी चुकलेले नाही. चुकले आहे ते आमचे वाक्य." घरी जाऊन आम्ही तेवढी ओळ बदलली, आणि शंका असल्यास एजंटने नानांनाच विचारावे असे लिहिले. आपल्या शाळांतल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला भाषेचा तास मला आजवर सापडलेला नाही. आणि त्याला खर्च फक्त खडूचा आला.

मित्रहो, हे काम आपल्याला परके आहे असे समजू नका. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा नावाचे तीन विद्वान भाऊ होऊन गेले. पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या एका बासरीयंत्राची रचना त्यांनी लिहून ठेवली. पुढे 1206 साली दियारबकीरच्या आर्तुकी दरबारातल्या अल-जझरी या कारागिराने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्यावरची घड्याळे आहेत, वादकांच्या पुतळ्यांची नौका आहे. त्याचे मोठेपण केवळ यंत्रे बनविण्यात नाही. भाग कोणता, माप किती, आधी काय जोडावे, मग काय, हे त्याने आकृत्यांसह अशा रीतीने लिहिले की, त्या लेखनाच्या आधारे 1976 साली लंडनमध्ये त्याच्या एका जलघटिकेची प्रतिकृती उभी राहिली. लिहिणारा जाऊन साडेसातशे वर्षे झाली होती. वाचणाऱ्याला त्याला काही विचारता येत नव्हते. तरी काम झाले. आमच्या वहीत आम्ही अल्प प्रमाणात हेच साधण्याचा प्रयत्न करीत होतो.

आता पालकांना दोन शब्द. आपण मुलांसाठी गणिताची शिकवणी लावता, इंग्रजीची लावता. मराठीच्या तासाला मात्र "ती तर घरचीच आहे" म्हणून सोडून देता. माझ्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहिता येत होता. जेथे त्याचे अडले, ते चार ओळी निःसंदिग्ध लिहिण्यापाशी. आम्ही वर्णने आधी मराठीत पक्की केली, मग त्याने ती इंग्रजीत उतरविली. आणि नाना ज्या बोलीत बोलतात तिचे शब्द मात्र मराठीतच ठेवले. ज्याचा विचार एका भाषेत स्वच्छ नाही, त्याचे दुसऱ्या भाषेतही धूसरच उतरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला माझे सांगणे एवढेच की, यंत्राने चुकीचे काम केले, तर त्याला मूर्ख म्हणण्याआधी आपण लिहिलेले एकदा वाचा. एआय चुकत नाही असे मी म्हणत नाही. वर्णन उत्तम असूनही तो चुकतो, म्हणून तर कुलूपही लावावे लागते. परंतु ज्याचा दोष आपल्या वाक्यात आहे, तो दुसऱ्यावर ढकलू नये. उद्या तुमच्यापैकी कोणी औषधाच्या वेळा सांगणारे साधन लिहील, कोणी बँकेच्या व्यवहाराचे लिहील. तेथे 'थांबव' या शब्दाचा अर्थ सोडून दिला, तर नुकसान एका कॅसेटचे राहणार नाही.

नानांनी ते यंत्र पुन्हा वापरावे म्हणून त्यांची समजूत काढावी लागली. पहिल्या दिवशी ते मुद्दाम परीक्षा घेतल्यासारखे बोलत होते. नानीची कॅसेट लावली, मध्येच "थांबव" म्हणाले, नमाज पढून आले, आणि "लाव" म्हणाले. कॅसेट जेथे थांबली होती तेथूनच पुढे सुरू झाली. नाना नातवाला एवढेच म्हणाले, "आता ऐकते हं." मी तेथे होतो. त्यांना कोणी सांगितले नाही की यंत्र तेच आहे, बदलले ते फक्त त्यापुढचे शब्द.